सड्यावरचे उभे धोंडे

भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटली तशी मी धाकट्या नणंदेचा, सुमनचा, हात धरला, तो तिच्या ओकाऱ्या थांबेपर्यंत सोडला नाही. तिचं लग्न ठरवायला आम्ही कोकणात निघालो होतो. स्थळ आमच्या ह्यांनी काढलेलं. हे लालबागला गिरणीत साच्यावर (मागावर) कामाला. सुटीच्या दिवशी चाळींच्या भिंतींवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा रंगवतात. लोक पाहुण्यांकडे खाऊ नेतात, ह्यांनी गेरू, डिंक आणि ब्रश नेला.

बंदरावरून एसटी, पुढे दोन तास पायी. वाडी म्हणजे अकरा घरं, आणि प्रत्येक घराचा रुबाब खोताचा. काजूची उसळ मात्र चांगली होती, ते खोटं लिहिणार नाही. मुलगा वामन जेवून ओटीवर बसला तो हलला नाही. पानसुद्धा आईने लावून हातात दिलं.

वाडीच्या वर सडा (उघडा कातळ) आहे. तिथे माणसाहून उंच धोंडे उभे आहेत. कोणी उभे केले, कोणालाच ठाऊक नाही. कोरड्या नळापाशी ताटकळलेल्या बायकांसारखे मला ते दिसले. ह्यांना मात्र कोरी भिंत दिसली. दुपारी वाडी झोपलेली असताना सगळ्यात मोठ्या धोंड्यावर ह्यांनी लिहिलं, ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’. वाडीत वाचता येणारे दोघे, ते आधीच आपल्या बाजूचे.

वामनचे वडील वाडीचे गावकर (मानकरी). ते म्हणाले, “ते आमचे जुने लोक. आदी धोंडो धुवा, मगे सोयरिकीचा बोला.”

“महाराष्ट्राचं नाव मी पुसणार नाही,” हे म्हणाले.

पुसायला बायका होत्याच. सुमन आणि मी सोडणं (नारळाच्या साली) घेऊन घासायला लागलो. वामन देखरेखीला आला आणि एका आडव्या धोंड्यावर बसला.

“थंय वर लाल ऱ्हवला,” तो म्हणाला.

“पाणी संपलं. एक कळशी आणता?” सुमनने विचारलं.

“पाणी हाडूचा बायलांचा काम.”

ती तिसऱ्यांदा विहिरीवर उतरली.

धोंडा स्वच्छ झाला. गावकरांनी नारळ दिला, म्हणजे त्यांचा होकार. परतीच्या बोटीत हे खुशीत होते. सुमन माझ्या कानाशी म्हणाली, “वहिनी, मला तिथे देऊ नका. दादाला सांगाल?”

ह्यांच्यापुढे माझा आवाज फुटत नाही. पण घरातली पत्रं मीच लिहिते. ह्यांचं अक्षर भिंतीएवढं, कार्डावर मावत नाही. “होकार कळव,” असं सांगून हे पाळीला गेले. मी लिहिलं, ‘मुलीला स्थळ पसंत नाही.’ पेटीत टाकून आले.

प्रवासाचं म्हणाल तर ते धोंडे पाहण्यासारखे आहेत. माणसं नाहीत.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे इतके ओरडले की खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले.

“हळू बोला,” मी म्हटलं, “सुमन जेवतेय.”