फाटकाबाहेरचं ताक

सोनईजवळच्या एका शाळेत विजया कुलकर्णी विज्ञान शिकवायच्या. मधल्या सुट्टीत मुलं फाटकाबाहेर धावायची आणि मसालेदार पुडे, रंगीत पेयाच्या पिशव्या घेऊन परतायची. तिथे विकायला बसणाऱ्यांत रंगुबाई सगळ्यांत जुन्या.

“रंगुबाई, पुडे सोडा ना. ताक विका, उकडलेल्या शेंगा विका,” एकदा विजयाबाई म्हणाल्या.

“पोरं घेतील का, बाई?”

“मी आहे ना!”

एवढ्या भरवशावर रंगुबाईंनी पुडे बंद केले, ताकासाठी म्हैससुद्धा घेतली. मुलांनी आधी नाकं मुरडली. मग विजयाबाई स्वतः फाटकाशी उभ्या राहून ताक प्यायला लागल्या, तशी मुलंही घेऊ लागली. हिवाळ्यात पेरू आणि ओला हरभरा सुट्टी संपायच्या आत फस्त व्हायचा.

पुढे शाळा समितीची बैठक झाली. बाकीच्यांच्या पुड्यांवर बंदी घाला, अशी मागणी विजयाबाईंनीच केली होती.

“मग फाटकापाशी कुणीच नको,” अध्यक्ष म्हणाले. “एकाला उठवायचं, दुसऱ्याला ठेवायचं, नसती भांडणं.”

रंगुबाईंचं नाव विजयाबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वाद घातला तर हाती आलेली बंदीही जायची, म्हणून त्या गप्प बसल्या.

सोमवारी रंगुबाई ताकाची बरणी घेऊन आल्या. बिभीषण शिपायानं त्यांना परत पाठवलं. विजयाबाई वर्गाच्या खिडकीतून पाहत होत्या. खाली जावं असं वाटलं, पण त्या फळ्याकडे वळल्या.

थोड्याच दिवसांत रस्त्यापलीकडच्या दुकानात पुड्यांच्या माळा लटकल्या. मुलं रस्ता ओलांडून जाऊ लागली. तेव्हा कुठे विजयाबाई समितीशी भांडल्या आणि रंगुबाईंसाठी आवारातच जागा मिळवून त्यांच्या घरी गेल्या. रंगुबाई नुकत्याच खुरपणीवरून आल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, सगळं ऐकून घेतलं.

“आता ताक कुठनं आनू, बाई? म्हस इकली.” मग जरा थांबून म्हणाल्या, “त्या दिशी तुमी खिडकीत हुता. मला वाटलं, बाई येतील खाली.”

विजयाबाईंनी हातातला तांब्या तसाच खाली ठेवला.

आता त्या जागेवर बचत गटाच्या बायका ताक आणि फळं देतात. मुलं रांग लावतात. हे सगळं बाईंमुळे झालं, असं अध्यक्ष पाहुण्यांना कौतुकानं सांगतात. तेव्हा विजयाबाई काहीतरी निमित्त काढून तिथून निघून जातात.