इळंगोवनची खबरदारी

चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या इळंगोवनच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे. "रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरचं काळीज! तिथल्या सेटिंगांची प्रत काढल्याशिवाय बोट लावाल तर मराल," असं तो गिऱ्हाइकांना दरडावी. आपल्याइतका सावध माणूस अख्ख्या गल्लीत नाही, असं त्याचं स्वतःचंच मत होतं.

झेरॉक्सवाल्या सुंदरीअक्कांचा कॉम्प्युटर रडतखडत चालत होता. इळंगोवननं त्याला चंदनाचा टिळा लावला, वर लिंबू ठेवलं, रजिस्ट्रीची प्रत काढली आणि तसं दुकानभर ओरडून सांगितलं. मग "हा कचरा, हाही कचरा" म्हणत आतल्या नोंदी धडाधड उडवल्या. कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तर स्क्रीन काळी ठिक्कर.

"घाबरू नका, अक्का. आपण काय कच्च्या गुरूचे चेले आहोत? प्रत आहे ना!"

"मग घाल की परत. कुठं ठेवलीयस?"

इळंगोवननं ऐटीत बोट दाखवलं. ते त्या काळ्या स्क्रीनकडे गेलं आणि तिथंच थिजलं. प्रत त्याच कॉम्प्युटरच्या पोटात होती.

अक्कांनी कॉफीचा शेवटचा घोट घेतला. "झकास जागा शोधलीस, तंबी. आता तिला कुणाचा धक्का लागायचा नाही. तुझासुद्धा."