फ्लॉपीतली गावकऱ्यांची यादी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला जे येत नाही तेही येतं, असा बाबांचा पक्का समज होता आणि तो मोडायची माझी हिंमत नव्हती.

आमच्या गावाचं मंडळ दर महिन्याला घाटकोपरला चिटणीसकाकांच्या चाळीत भरायचं. त्या वर्षी स्मरणिका काढायची ठरली. तिच्यात मुंबईत राहणाऱ्या सगळ्या गावकऱ्यांची नावं वाडीवार छापायची होती. वर्षभर घरोघर फिरून काकांनी यादी जमवली आणि साकीनाक्याच्या एका टाइपसेटिंगवाल्याला दिली. त्याने ती मशीनवर चढवली आणि महिन्याभरात धंदाच बंद केला. हस्तलिखित कागद रद्दीत गेले. काकांच्या हातात उरली एक फ्लॉपी.

काका डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा बाबा म्हणाले, “आमचो झील कॉम्प्युटर शिकता. तो काढून देतलो.”

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही म्हणायला हलवली होती, पण ती कशी हलली कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पार्ल्याच्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये, चपला दाराबाहेर काढून, मी ती फाइल पडद्यावर उघडली. नावांऐवजी हसरे चेहरे, पत्त्यांतले बदाम आणि ग्रीक अक्षरं धावू लागली. मध्येच मशीन पीं पीं करून ओरडायला लागलं. लॅबचे सर म्हणाले, “काय रे, काय घालून आणलंस त्यात?”

मग त्यांनीच समजावलं. फाइलमध्ये अक्षरं नसतात, आकडे असतात. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, हे त्या टाइपसेटिंगवाल्याने स्वतःच्या मनाने ठरवलेलं. तो तक्ता त्याच्याबरोबर गेला.

तेव्हा मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘ओळख’. काळ्या पडद्यावर OLAKH टाइप करायचं, पुढे फाइलचं नाव द्यायचं, की तो एकेक आकडा काढून त्याच्यासमोर माझ्या तक्त्यातलं अक्षर रोमनमध्ये दाखवायचा. तक्त्यात नसेल तर प्रश्नचिन्ह. पहिल्या दिवशी प्रोग्राम झकास चालला. सगळीकडे प्रश्नचिन्हं आली.

तक्ता भरायची युक्ती मात्र मला सुचली, आणि तिचा मला फार अभिमान वाटला. पहिल्या चाळीसेक ओळींचा शेवट सारख्याच आकड्यांनी होत होता. म्हणजे ते आडनाव! आमच्या गावात एका वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच, आणि पहिली वाडी अर्थात आमची. मी आमचं आडनाव अक्षर-अक्षर करून त्या आकड्यांसमोर बसवलं आणि प्रोग्राम पुन्हा चालवला.

पहिलेच गृहस्थ निघाले ते असे, की त्यांचं नाव घ्यायला दोन माणसं लागली असती. दुसऱ्याच्या नावात एकच अक्षर चारदा. मला वाटलं, प्रोग्राम चुकला. पुन्हा लिहिला. मग वाटलं, फ्लॉपीला दमट हवा लागली. ती घरी नेऊन तांदळाच्या डब्यात ठेवली. तिसऱ्यांदा लिहिला. आडनावाबद्दल मात्र मला शंकाही आली नाही. आठ दिवस गेले. बाबा रोज विचारत, “झाला काय रे?” आणि मी म्हणे, “होत आलं.”

मंडळाची सभा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी मी बाबांसमोर बसलो आणि सांगून टाकलं, की मला येत नाही. काय काय केलं तेही सांगितलं. ते सबंध ऐकून घेऊन म्हणाले, “पण पयली आपली वाडी कशी असात?”

“म्हणजे?”

“अरे, देवळात देवाक गाऱ्हाणा घालताना पयलो मान कोणाचो? वरच्या वाडीचो. यादी थयसून सुरू होतली. आपली तिसरी.”

शनिवारी मी वरच्या वाडीचं आडनाव घातलं. ओळीओळीत ओळखीची माणसं उभी राहिली. अर्धवट नावांवरून उरलेली अक्षरं कळत गेली. लॅब बंद होईपर्यंत मी फुलस्केपवर उतरवत होतो. तरी एका आकड्याचा पत्ता लागला नाही. तिथे मी टिंबं सोडली.

सभेत काकांनी यादी मोठ्याने वाचली. टिंबं आली की लोक ओरडून नावं पुरी करत, प्रत्येक जण वेगळं. शेवटी काकांनी विचारलं, “कसं केलंस रे हे?”

“प्रोग्राम मी लिहिला,” मी चाचरत म्हटलं. “पण पहिली वाडी कुठली ते मला माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं.”

खोली हसून हसून लोळली. “अरे, कॉलेजात जातोस आणि मानाची वाडी माहीत नाय?” “ह्याका यंदा गावाक न्हेवा रे कोणीतरी!” माझे कान तापले. बाबाही सगळ्यांबरोबर हसत होते.

घरी परतताना मी म्हटलं, “तुमचा शब्द जाईल म्हणून मी आधी बोललो नाही.”

“खुळो रे तू,” बाबा म्हणाले. “पोराक जमना नाय म्हणान सभेत सांगलं असतंय. सगळ्यांची पोरां काय सगळा करतत?”

मग फूटपाथवरच थांबून त्यांनी विचारलं, “ता अक्षर गावला नाय, ता खयचा? बघूया, माका कळता काय.”