उजव्या कमरेला

लग्नानंतर काही वर्षांनी ह्यांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला आणि तेव्हापासून मी कायमची ह्यांच्या डावीकडे गेले. लोणी काळभोरच्या पुढे ह्यांचा खडीचा क्रशर होता. दर शनिवारी मजुरांचा पगार रोख घेऊन जावं लागायचं, एकदा वाटेत दोघांनी गाडी अडवली होती, म्हणून परवाना. सरकारी कारखान्यात बनलेलं बत्तीस बोरचं, लहानसं रिव्हॉल्व्हर. पट्ट्यात ओवायच्या चामड्याच्या खोळीत, उजव्या कमरेला. त्या खोळीला होल्स्टर म्हणतात हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले, कारण मी तिला ‘पाकीट’ म्हटलं तेव्हा ह्यांनी घास हातात धरून माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं.

त्याच सुमारास एका लग्नात मी सवयीने ह्यांचा उजवा हात धरला. ह्यांनी झटकला नाही, सावकाश सोडवून घेतला. “डावीकडे ये. हा हात मोकळा लागतो.” मंगल कार्यालयात, पंगतीला बसायच्या रांगेत कोणावर गोळी झाडायची वेळ येणार होती देव जाणे. पण मी डावीकडे गेले. मग रिक्षात डावीकडे, नाटकाला डावीकडे, लोकांच्या लग्नांतल्या सगळ्या फोटोंत डावीकडे. कोणाला सांगावं लागत नव्हतं, पाय आपोआप वळायचे.

घरात त्या वस्तूचं बरंच काही करावं लागे. नारायण पेठेतला एक शिंपी ह्यांचे शर्ट चार बोटं लांब आणि बाजूला चीर ठेवून शिवायचा, म्हणजे बाहेरून काही दिसू नये. तरी शर्टाची उजवी बाजू आतून घासून विरायची आणि मी तिला आतून तुकडा लावायची. रविवारी सकाळी हे नेमबाजीला जायचे. सोबत एक मित्र असायचे, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. दोघांचे तासन्‌तास वाद. पिस्तूल बरं की रिव्हॉल्व्हर, चामडं बरं की नायलॉन, पट्ट्याच्या आत खोचावं की बाहेर. पुण्यात माणसं कशावरही वाद घालतात, हे होल्स्टरवर घालायचे. दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून साफसफाई चाले. त्या तेलाचा वास आमटीला लागतो असं मी म्हणायची. नाही लागत, असं हे म्हणायचे. लागायचा.

पुढे मजुरांचे पगार बँकेत जमा व्हायला लागले. रोख रक्कम न्यायचं कारण राहिलं नाही. “आता कशाला बाळगता?” मी एकदा विचारलं. “सवय झालीये. नसलं की चालताना तोल जातो,” हे म्हणाले.

मला उजवी बाजू दोनच वेळा मिळायची. एक पूजेला, कारण पूजेत बायको उजवीकडे बसते, आणि चामडं पाटावर चालत नाही म्हणून हे सगळं काढून कपाटात ठेवायचे. दुसरी निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ते थोडे आठवडे ह्यांचा शर्ट पँटमध्ये खोचलेला असायचा. संध्याकाळी आम्ही लकडी पुलापर्यंत पायी जायचो आणि मी ह्यांचा उजवा हात धरायची. ह्यांना ते कळत होतं की नाही, कधी बोलले नाहीत. पुणेकरांना मतदानाचा उत्साह किती असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण मी मात्र निवडणुकांची वाट पाहायची. दर वेळी हे म्हणायचे, “यंदा परतच आणत नाही.” आणि निकाल लागले की ठाण्याच्या रांगेत पहिले हेच.

मागच्या आचारसंहितेत हे गेले. सकाळी चहा घेता घेता, खुर्चीतच. रिव्हॉल्व्हर ठाण्यात होतं.

ह्यांना हॉलमध्ये भिंतीलगत ठेवलं होतं. भिंत ह्यांच्या डाव्या हाताला आली, म्हणून बायकांनी मला उजवीकडे बसवलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आचारसंहिता चालू आहे, इकडे बसलं तरी चालतं. मग मी निवांत बसले. रडूबिडू काही आलं नाही. धीराची आहे हो, असं कोणीतरी म्हणालं. धीर वगैरे काही नव्हता. आत काहीच हलत नव्हतं, एवढंच. दहावा, तेरावा झाला, लोक पांगले, तरी तेच. बँकेचे कागद आले, मी सही केली. सोसायटीचे आले, सही केली. मुलगा बोट ठेवेल तिथे मी नाव लिहीत गेले. चहात साखर आहे का नाही तेही मला कळत नव्हतं. एकदा मनात आलं, कदाचित आपल्याला ह्यांच्याबद्दल काही वाटतच नसेल. तेही मी फार मनाला लावून घेतलं नाही.

ह्यांचे ते मित्र भेटायला आले. डोळे पुसले, आणि म्हणाले, “वहिनी, वस्तू बाहेर जाऊ देऊ नका. असा पीस आता मिळत नाही. मुलाच्या नावावर करून घ्या.” मुलाच्या डोक्यात ते आधीच होतं. तो आयटीत आहे, कमरेला त्याच्या ऑफिसचं ओळखपत्र असतं, कॅश त्याने बघितलेलीही नसते. पण बाबांची आठवण, म्हणाला. वारसाला परवाना मागता येतो, बाकीच्या वारसांची हरकत नसली म्हणजे झालं. बाकीची वारस मी एकटीच.

एका रविवारी सकाळी त्याने तो ना-हरकतीचा कागद टेबलावर ठेवला. “आई, फॉर्मॅलिटी आहे फक्त. खाली साइन कर.” मी पेन घेतलं. तेवढ्यात त्याने कपाटातून ह्यांचं होल्स्टर काढलं आणि रिकामंच आपल्या पट्ट्यात ओवायला लागला. “बघू तरी कसं वाटतं.” सून चहाचा कप घेऊन त्याच्या उजवीकडे उभी होती. पट्टा आवळताना त्याचं कोपर तिला लागलं.

“अगं, जरा तिकडे हो ना,” तो म्हणाला. अगदी प्रेमाने म्हणाला.

ती कप सांभाळत त्याच्या मागून वळसा घालून डावीकडे जाऊन उभी राहिली. कुरकुर नाही, काही नाही.

मला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी आलं, आणि ते फार जोरात आलं. मी पेन खाली ठेवलं.

“मी सही करणार नाही. ते घरात परत येणार नाही.”

“आई, काय झालं एकदम? बाबांचं आहे ते.”

“माहितीये कोणाचं आहे.” मग मी सुनेला म्हटलं, “तू इकडे ये. आधी होतीस तिथे उभी राहा.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आली. मुलाने होल्स्टर सोडवून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. इतकी वर्षं कमरेला राहून त्या चामड्याला ह्यांच्या कमरेचा बाक आला होता. मी त्या बाकावर तळहात ठेवला. तो तिथे नीट बसला, आणि मला रडू फुटलं.