हात धरणारी

मुरूम गावात आमच्या शेजारी एक बाई राहते. एकटी बाजाराला निघाली तरी ती सावकाश चालते आणि डावा हात अंगापासून जरा लांब धरते. लहानपणापासून त्याच हाताला धरून तिची आंधळी आई चालत आली आहे. त्यापायी हिची शाळा सुटली. आईनंही पोरवयात आपल्या आंधळ्या आईसाठी अशीच शाळा सोडली होती; पुढं तिचीही नजर गेली. दोघी मायलेकींना रोजंदारीपलीकडं काही मिळालं नाही.

यंदा हिला डाळमिलमध्ये दिवसभराचं काम लागलं, तेव्हा भाऊ म्हणाला, "आता तुझ्या पोरीला शाळेतून काढ. तू न्हाय का धरलास आईचा हात?"

"धरला की," ती म्हणाली. "म्हणूनच न्हाय म्हणते."

तिनं आईच्या खाटेपासून अंगणातल्या न्हाणीपर्यंत दोरी बांधली. आई रुसली, जेवेना.

"मला जनावरागत बांधतीस व्हय गं?"

"तुला न्हाय, भिंतीला बांधलीय."

दोरीच्या पहिल्या दिवशी मी तिथंच होते; हिचं मिलमधलं काम दुसऱ्या दिवसापासून होतं. पोरगी शाळेला गेली होती. म्हातारी दोरी धरून निघाली आणि अंगणाच्या मध्यावर थांबली.

"ये की गं," तिनं लेकीला हाक मारली.

ही दारात बसली होती. तिनं दोन्ही हातांनी उंबरा घट्ट धरला, पण उठली नाही. म्हातारी बराच वेळ तशीच उभी राहिली. मग लेकीला एक शिवी हासडून तिनं पुढचं पाऊल टाकलं.