हाजी शलबींचे आजोबा

कैरोच्या शुब्रा वस्तीतल्या उस्ता बयूमीच्या, म्हणजे बयूमी उस्तादाच्या, दुकानात लोक रिकाम्या हाताने येत आणि आजोबा घेऊन जात. शहराच्या कडेला वाळवंटात बंगले उठले, बंगल्यांत सोनेरी खुर्च्या आल्या. भिंतीवर लावायला पूर्वज तेवढे कमी पडले. बयूमीची मुलगी निहाल संगणकावर चेहऱ्याखाली पाशाचा, म्हणजे जुन्या काळच्या सरदाराचा, कोट आणि वर तुर्की टोपी बसवायची. मग इंकजेट प्रिंटरला कॅनव्हासचं भेंडोळं लावायचं, छापलेलं एक दिवस वाळू द्यायचं, आणि त्यावर बयूमी जाड ब्रशने पारदर्शक जेल असं फासायचा, की चित्रकाराने सहा महिने घाम गाळलाय असं वाटावं. शेवटी काळ्या चहाचा एक हात फिरवला, की चित्राला एका दुपारी शंभर वर्षं व्हायची.

चेहरे तो इंटरनेटवरून उचलायचा. पण एकदा एकाच गल्लीतल्या दोन बंगल्यांत एकच आजोबा निघाले आणि दोन्ही नातवांनी मिळून बयूमीची कॉलर धरली. तेव्हापासून त्याने कानाला खडा लावला. म्हणून फरशा आणि कमोड विकून गब्बर झालेले हाजी शलबी "जगात दुसरीकडे नसलेला" आजोबा मागायला आले, तेव्हा बयूमीने आपल्या मेलेल्या बापाचा, मेतवल्लीचा, ओळखपत्रावरचा फोटो काढला. मेतवल्ली जन्मभर इस्त्रीवाला. फोटोच्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. जबडा आवळलेला, भुवया वर. टोपी बसताच त्या दुखण्याचा रुबाब झाला. हाजींच्या दोघा भावांनीही एकेक प्रत नेली.

चित्र टांगायला निहाल गेली. हाजींच्या मुलाने, हातिमने, शिडी धरली, आणि पुढे चार महिने ते चित्र काही ना काही निमित्ताने वाकडं होत राहिलं. शेवटी पोराने बापाला सांगितलं, लग्न करीन तर हिच्याशीच. निहालनेही घरी तेच सांगितलं. बयूमीला ही एकुलती एक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं की याच्या घशाखाली घास उतरत नसे.

हाजींनी त्याला बोलावून घेतलं.

"उस्ता, पोरगी गुणाची आहे. पण घराणं म्हणून काही असतं की नाही? तुझे वडील काय करायचे?"

"इस्त्री, हाजी."

"हं. आता वर बघ." हाजींनी भिंतीकडे बोट केलं. "हा जबडा बघ, ही नजर बघ. रक्तच बोलतं रे! यांना मी काय तोंड दाखवू?"

"हाजी, अहो, हे मीच तर छापले."

"छापलेस तू. पण आजोबा माझे!"

बयूमीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पाकिटातला बापाचा फोटो काढून टेबलावर आपटला. हाजींनी चष्मा लावला, फोटो पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"आणखी कोणाला दाखवलास?"

"कोणालाच नाही."

कमोड विकून माणूस एवढा वर चढतो तो उगाच नाही. दोन मिनिटांत हाजींचा चेहरा खुलला. "अरे, म्हणजे तू आमच्या आजोबांचा मुलगा! उतारवयात त्यांनी दुसरं लग्न केलं होतं ना, त्यातला. म्हणजे माझा काका! पोरगी घरातलीच निघाली की. आपल्यात घरातल्या मुलीवर घरातल्याच मुलाचा पहिला हक्क. आधी नाही का बोलायचं, काका?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "फक्त ती इस्त्री विसरायची. कायमची."

बयूमीला निहालचा रडवेला चेहरा आठवला. त्याने मान हलवली.

लग्न ठरलं की दोन्ही घरं मिळून फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, वाचतात; त्या दिवशी तो ऐंशी वर्षांच्या आईला, नबवीयाला, सोबत घेऊन गेला. तिला यातलं काही सांगायचा त्याला धीर झाला नव्हता. म्हातारीला भिंतीवर नवरा दिसला, तशी ती दारातच थबकली. हाजींनी तिला हाताला धरून सोनेरी खुर्चीवर बसवलं. "या आमच्या धाकट्या आजी!"

शेजारी एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. ते अदबीने म्हणाले, "आजी, पाशासाहेबांची एखादी आठवण सांगा ना."

"कसला पाशा, बाळा? इस्त्रीवाला होता माझा नवरा. चाळीस वर्षं तोंडात पाणी धरून लोकांच्या कपड्यांवर फवारलं, दाढा गेल्या त्यात. तुमच्यासारख्यांच्या दारात गाठोडं घेऊन उभा राहायचा. पण कोणाचा सदरा कधी जाळला नाही हो त्यानं."

हाजींनी बयूमीकडे पाहिलं. सरबताचं तबक धरून उभ्या असलेल्या निहालनेही पाहिलं. एवढ्यात न्यायाधीश खो खो हसत सुटले. "वा! याला म्हणतात खानदान! हल्लीचे इस्त्रीवाले स्वतःला पाशा म्हणवतात, आणि इथे पाशांच्या घरची बाई नवऱ्याला इस्त्रीवाला म्हणते!" टाळ्या पडल्या.

नबवीया बावरली. "बयूमी, हे हसतात का रे? तू सांग की यांना."

बयूमीने आधी हाजींकडे पाहिलं, मग निहालच्या हातातल्या तबकाकडे.

"आईला पहिल्यापासून चेष्टेची सवय आहे," तो म्हणाला, आणि लोक आणखी हसले. बापाला त्याने आजवर छापून विकलं होतं. नाकारलं आज पहिल्यांदा, तेही आईच्या तोंडावर. त्याला स्वतःची किळस आली.

थोड्या वेळाने मुलांच्या भल्यासाठी फातिहा वाचायला सगळ्यांनी हात वर केले. म्हातारीनेही केले. पण मेलेल्या माणसासाठी वाचताना आधी त्याचं नाव घेतात, तसं तिने घेतलं, आणि सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं घेतलं: "मेतवल्ली इस्त्रीवाला."