धर्माभाऊजींनी आणून दिलेली बंदूक

आधीच सांगते, भुतंखेतं, भास, संकेत असल्या भानगडींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या आळीत कोणा बाईला कुठे काही दिसलं की ती माझ्याकडे यायचं टाळायची, कारण मी उलटतपासणी घ्यायचे. किती वाजता दिसलं, उजेड किती होता, चष्मा लावला होता का... दोन प्रश्नांत समोरची गप्प. आता या वयात माझीच तशी गोष्ट लिहायला बसले आहे, तेव्हा ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

गोष्ट कूळकायद्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली, म्हणजे साठ सालाच्या थोडी आधीची. आम्ही पनवेलला राहायचो. बाजाराच्या मागच्या आळीत घर आणि पाच मिनिटांवर आमच्या ह्यांची भातगिरणी. नेऱ्याला सासऱ्यांच्या वेळची शेती होती, ती कायद्याने कुळाकडे गेली. कूळ म्हणजे धर्मा पाटील, ह्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. जमिनीपायी इतर ठिकाणी डोकी फुटली. आमच्याकडे धर्माभाऊजी पहिल्या भाताचं पोतं सायकलवर घालून आले, ओटीवर ठेवलं आणि म्हणाले, "शेट, राग नाय ना?" ह्यांनी त्यांना हाताला धरून जेवायला बसवलं.

जमीन गेली, पण बंदूक राहिली. रानडुकरांपासून शेत राखायला सासऱ्यांनी दुनळी बंदूक घेतली होती, तिचं लायसन पुढे ह्यांच्या नावावर झालं. आता गंमत बघा, ज्याच्याकडे शेतच नाही त्याच्या घरात शेतराखणीची बंदूक, आणि ज्याचं भात डुकरं रोज तुडवतायत त्याच्या हातात काठी. भाऊजींनी लायसनसाठी अर्ज केला होता, तो कचेरीत कुठल्यातरी ढिगाखाली पडून होता. मग दरवर्षी भात पिकायला आलं की ते यायचे आणि बंदूक घेऊन जायचे. सोबत आमचे हे लायसनचं पुस्तकही द्यायचे, रुमालात बांधून. ह्यांची पक्की समजूत होती की कागद बंदुकीबरोबर असला की कोणी विचारत नाही. ह्यांचीच काय, अख्ख्या तालुक्याची तीच समजूत होती. आणि खरं सांगायचं तर माझीही.

शिकारीचा एक रिवाज असतो. डुक्कर पडलं की मांसाचे वाटे होतात. बार टाकणाऱ्याचा, हाकारे घालून रान उठवणाऱ्यांचा, आणि एक बंदुकीचा. बंदूक ज्याची, त्याच्या घरी तो वाटा पोचलाच पाहिजे. भाऊजी तो सागाच्या पानांत बांधून आणायचे. आमच्याकडे डुक्कर कोणी खात नसे, मी तो गिरणीतल्या हमालांना देऊन टाकायचे, पण भाऊजींना कधी कळू दिलं नाही. इतक्या हौसेने आणलेलं नाकारणार कसं? आणखी एक, बंदूक ते नेहमी ओटीच्या बाहेरच मोडायचे, म्हणजे बिजागरीवर उघडायचे, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवायचे आणि मगच आत पाऊल टाकायचे.

त्या वर्षी पनवेलला नवे फौजदार आले होते, कडक. म्हणून भाऊजींनी शिकारीच्या आदल्या संध्याकाळी बंदूक पोत्यात गुंडाळून सायकलला बांधली. म्हणाले, "घरी पन नाय सांगत. शेतातल्या माळ्यावर ठेवतो. लहानूला तेवढं ठावं हाय." लहानू हा नेऱ्याच्या वरच्या कातकरी वाडीतला. डुकराचा माग काढण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

भाऊजी सुकापूरच्या रस्त्याला लागल्यावर मी ह्यांना म्हटलं, "एवढं लपवून न्यावं लागतं तर द्यायचीच कशाला?"

"धर्माला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही," हे म्हणाले. मी पुढे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या पडवीत वाल सोलत बसले होते. साडेअकरा झाले असतील. गिरणी बाराला बंद व्हायची आणि तिचा आवाज अजून चालू होता, म्हणून वेळेबद्दल मला शंका नाही. दाराशी कोणीतरी आल्यासारखं वाटलं म्हणून मान वर केली, तर धर्माभाऊजी. ते मागच्या दाराने कधीच येत नसत. लख्ख ऊन होतं, ते माझ्यापासून चार हातांवर होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, डाव्या हाताने पंचा पोटाशी दाबून धरलेला. मला वाटलं, त्यात काही बांधून आणलंय.

"या भाऊजी, बसा. पाणी आणते."

"नको वैनी. आज वाटा नाय," ते म्हणाले. "शेटला सांगा, बंदूक घरात हाय."

आवाज नेहमीचाच, जरा दमलेला. त्यांनी बंदूक पुढे केली, तिच्यावर रुमालात बांधलेलं लायसन. मोडून दाखवली नाही. मी दोन्ही हातांनी घेतली, आत जाऊन खुंट्यांवर ठेवली आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तर दारात कोणी नाही. आळीतही नाही. घाईत असतील म्हणून मी पुन्हा वाल सोलायला बसले. खरंच सांगते, तेव्हा मला काहीसुद्धा वाटलं नाही.

सव्वाबाराला हे जेवायला आले. "धर्मा येऊन गेला? जेवायला थांबवायचं नाही का?" म्हणत त्यांनी बंदूक मोडली. उजव्या नळीत उडालेलं काडतूस तसंच होतं. "असा कसा विसरला हा..." ह्यांनी ते काढून खिडकीत ठेवलं, नळ्या तेलाने पुसल्या, आणि आम्ही जेवलो.

चारच्या सुमारास गिरणीत नेऱ्याचा माणूस निरोप घेऊन आला. धर्मा गेला. पोटात छर्रे लागून, सकाळी साडेदहाला. बार गावात सगळ्यांनी ऐकला होता. अकरापर्यंत त्यांचा भाऊ आणि चार माणसं शेतात पोचली होती आणि पंचनामा होईपर्यंत प्रेताजवळून हलली नव्हती. जवळपास बंदूक मात्र कुठेच नव्हती.

हे घरी येऊन मला सांगत होते आणि मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, अहो, साडेअकराला मी त्यांच्या हातून बंदूक घेतली. "दुसरं कोणी असेल," हे म्हणाले. दुसरं कोण? ज्या माणसाला मी इतकी वर्षं ताट वाढलं त्याला मी भर उन्हात ओळखणार नाही? त्या रात्री मी देवघरापाशी बसून होते. भीती वाटत होती, आणि भाऊजींसाठी रडूही येत होतं. ह्यांनी ते काडतूस विहिरीत टाकलं.

लहानूने पोलिसांना सगळं खरं सांगितलं. बांध चढताना भाऊजींचा पाय घसरला, भरलेली बंदूक आपटली आणि बार झाला. त्याने बंदूक अंगाखालून काढून त्यांच्या छातीवर ठेवली, पंचा जखमेवर दाबला आणि गावाकडे पळत सुटला. माणसं घेऊन आला तेव्हा बंदूक नव्हती. यावर कोण विश्वास ठेवणार? कातकऱ्याकडे चोरटी ठासणीची बंदूक असणार, तिनेच मारलं आणि लपवली, असं ठरलं. त्याला धरून नेलं.

दोन दिवसांनी फौजदार आमच्याकडे आले. बंदूक हातात घेऊन बघितली, नळीचा वास घेतला. तेलाचाच येत होता. मग सावकाश म्हणाले, "एक लक्षात घ्या. लायसन बंदुकीचं नसतं, माणसाचं असतं. पुस्तक बरोबर दिलं म्हणून काही होत नाही. दुसऱ्याला दिली की घेणाराही आत आणि देणाराही. त्यात माणूस मेला असेल तर पुढचं तुम्हीच समजा. तो कातकरी म्हणतो, बंदूक तुमची होती. बाहेर गेली होती का?"

ह्यांनी तोंड उघडलं. ह्यांचा स्वभाव मला ठाऊक, हे खरं सांगणार होते. मला पाचवा महिना होता. मी दाराआडून म्हटलं, "नाही. बंदूक घरातच होती."

फौजदारांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली.

लहानू सव्वा वर्ष अलिबागच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून राहिला. शेवटी पुरावा नाही म्हणून सुटला. तोवर त्याची बायको पोरांना घेऊन कुठल्याशा वीटभट्टीवर निघून गेली होती. कुठल्या, ते वाडीत कोणालाच माहीत नव्हतं. नेऱ्यात त्याला कोणी शेतात उभं करेना. आमच्या ह्यांनी बंदूक कचेरीत जमा करून टाकली. एकदाच म्हणाले, "धर्मा मला वाचवायला आला होता गं."

"आणि लहानूला?" मी विचारलं. हे चप्पल घालून गिरणीत निघून गेले.

सुटल्यावर महिन्याभराने एका सकाळी लहानू आमच्या दारात आला. हाडं दिसत होती. बस म्हटलं तर बसला नाही.

"बाय, मी भांडाय नाय आलो," तो म्हणाला. "बंदूक तुमचीच व्हती. दस्त्याला तांब्याची पट्टी व्हती, मना ठावं हाय. मी मालकाच्या छातीवर ठेवली, तवा त्यांचा जीव गेला व्हता. मंग ती हिकडं कशी आली? कोनी आनली? तेवढं सांगा, मंग जातो."

खटला संपला होता. तो आमचं काही वाकडं करू शकत नव्हता, आणि करायला आलाही नव्हता. साऱ्या जगात, मी त्या दुपारी जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवील असा तोच एक माणूस होता. आत माझी मुलगी पाळण्यात रडत होती. मी म्हटलं, "बंदूक घरातून गेलीच नव्हती, लहानू. तुझी काहीतरी चूक होतेय."

तो पायरी उतरला. मग अगदी हळू म्हणाला, "मंग मनाच याड लागलं आसंल. तुरुंगात बी समदे त्येच म्हनायचे." आणि गेला. तो पुन्हा कधी कोणाला दिसल्याचं मी ऐकलं नाही.

हेही आता राहिले नाहीत, त्यामुळे मला कोणाला सांभाळायचं उरलेलं नाही. सहा मैलांवरून ती बंदूक कशी आली, याचा विचार करून मी थकले. मला काही उलगडलेलं नाही. पण लहानूची मुलं-नातवंडं कुठे असतील, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल किंवा कोणी त्यांना वाचून दाखवेल, तर एवढं त्यांना कळावं. तुमचा माणूस वेडा नव्हता. बंदूक आमचीच होती, आणि तो म्हणत होता तिथेच त्याने ती ठेवली होती.